हाताचा दोष

६ नोव्हेंबर

मामा,

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी माझं सगळं फिरलं. अकरा एकोणीसपर्यंत मी या लॅबमधला सगळ्यात सफाईदार हात होतो. नमस्कार-चमत्कार तू धरून चाल, आज डोकं ठिकाणावर नाही. फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू उलटं ऐकतोस, म्हणून लिहितोय. आईला यातलं अक्षर कळू देऊ नकोस.

माझं काम पुन्हा सांगतो, कारण गेल्या वेळी तू शेजाऱ्यांना 'भाचा घड्याळाचे सेल बनवतो' असं सांगितलंस. सेल शर्टाच्या बटणाएवढा. खाली लिथियमची चंदेरी चकती, वर कॅथोडची काळी चकती, मध्ये पातळ पडदा आणि दोन-तीन थेंब इलेक्ट्रोलाइट. हवेचा नि ओलाव्याचा वाराही लागता कामा नये, म्हणून सगळं काचेच्या बंद पेटीत, तिला जोडलेल्या जाड रबरी मोज्यांत कोपरापर्यंत हात घालून करायचं. दोन वर्षांत मी अकराशे सेल भरले. बिघडवले नऊ. नऊच्या नऊ मी स्वतः येऊन सांगितले.

लिथियमची खोड अशी की चार्ज होताना ते सपाट बसत नाही, सुया काढतं. सुई पडद्यातून आरपार गेली की सेल मेला. त्यावर तिने चार वर्षं खपून एक अॅडिटिव्ह शोधलंय. इलेक्ट्रोलाइटमध्ये शंभराला दोन भाग टाकायचं, की लिथियम आरशासारखं बसतं. ती म्हणजे इथली रिसर्च करणारी. सगळे तिला मॅडम म्हणतात. मीही.

तर हे अॅडिटिव्ह घातलेले चौदा सेल दीडशेव्या फेरीच्या आसपास मेले. फेरी म्हणजे एकदा भरणं, एकदा रिकामं करणं. उघडले, तर लिथियमवर काळे डाग. सरांनी, म्हणजे लॅबच्या प्रमुखांनी, मीटिंगमध्ये विचारलं, काय झालं? नोंदवहीत मेलेल्या प्रत्येक सेलपुढे कारण लिहायचा रकाना असतो आणि कारणं तीनच: यंत्राचा दोष, मालाचा दोष, हाताचा दोष. ती म्हणाली, "हाताचा दोष असेल." माझ्याकडे न बघता. मग तिने तिच्या त्या सुंदर अक्षरात चौदा वेळा तेच लिहिलं.

सर म्हणाले, "कॉलेज अर्धवट सोडलेल्याकडून आणखी काय." चारजण हसले. एकाने तर चहा थांबवून हसून घेतलं.

यातली मेख ऐक. 'हाताचा दोष' लिहिलं की तो सेल मोजणीतून बाद. चौदा बाद झाले की आलेख आरशासारखाच. वीस डिसेंबरला रिपोर्ट कंपनीकडे जायचाय, ते हेच सेल मोठे करून गाड्यांत घालणार आहेत. प्रत्येक नोंदीखाली सेल भरणाऱ्याची सही लागते. मी सही केली नाही. सर म्हणाले, वीस तारखेपर्यंत कर, नाहीतर तुझा रस्ता तुला मोकळा. सही केली तर जन्मभर मी गचाळ हाताचा. या धंद्यात माणसाची चौकशी त्याच्या हातावरूनच होते.

तिचं यात काही नसावं. तिला सरांनी बोलायला लावलं असेल.

तुझा,
ठिणग्या


१० नोव्हेंबर

चि. ठिणग्या,

अनेक आशीर्वाद. पत्र दोनदा वाचलं. लिथियम चार वेळा आलंय, 'ती' नि 'तिने' मी मोजायचं सोडून दिलं. मामाला कान नाहीत, डोळे आहेत.

आता ऐक. तू कॉलेजातही असाच निघून आलास. मास्तर म्हणाला, रीडिंग्ज कॉपी केलीस. तू म्हणालास, केली नाहीत. आणि वही त्याच्या टेबलावर आपटून घरी आलास. तुझं खरं होतं, मला आजही वाटतं. पण खरं घेऊन तू घरी बसलास आणि खोटं तिथे पास झालं. या वेळी जीभ दातांमागे ठेव. चार शब्द नरमाईने बोल. आईला मी शब्द दिलाय की तू या नोकरीला चिकटशील. मीही इकडून काही करता आलं तर बघतो.

आणि राग न मानता विचारतो: घाईत ओला हात लागला नसेल ना कधी? मोज्याला भोक? माणसाकडून होतं.

दुसरं, ते डाग. बोळ्याने पुसले जातात, की पात्याने खरवडावे लागतात? एवढं बघून कळव.

मामा


१५ नोव्हेंबर

मामा,

राग न मानता विचारतो म्हणे. मानला. सगळ्यांनी विचारलं तेच तूही विचारलंस, फक्त आशीर्वाद लावून. मोज्याला भोक असतं तर पेटीवरचा ओलाव्याचा काटा ओरडला असता. पंधरवड्याच्या काट्याच्या नोंदी मी सरांसमोर ठेवल्या. त्यांनी त्यावर चष्मा ठेवला.

नरमाईने बोललोही. तुझं ऐकून. 'सर, एकदा पुन्हा तपासू या का?' म्हणालो. ते म्हणाले, "तू तपासणार? काय शिकलायस?" मी जीभ दातांमागे ठेवली. दात दुखले.

ती जिन्यात भेटली. म्हणाली, "मनाला लावून घेऊ नकोस, कागदापुरतं आहे." मामा, ती असं म्हणाली तेव्हा तिच्या कपाळावर पेनाची शाई लागली होती आणि मी मूर्खासारखा ते सांगू की नको या विचारात उभा राहिलो.

तुझे डाग बघितले. बाद सेल डब्यात पडलेच होते, त्यातले तीन काढले. बोळ्याने पुसून जात नाहीत. धुऊन जात नाहीत. पात्याने खरवडले तेव्हा काळी भुकटी निघाली, कडेला जरा चकाकणारी. का विचारलंस?

ठिणग्या


१९ नोव्हेंबर

चि. ठिणग्या,

तुझा राग पोचला. आता बसून वाच.

तीस वर्षं मी नळांवर निकेल चढवलं. तेच काम आहे हे, फक्त तुमची टाकी बटणात मावते. आमच्यातही हौदात चमक आणायचं औषध टाकायचे, बादलीला टमरेलभर. त्याने निकेल गुळगुळीत बसतं. तुझ्या केमिकलवालीनं नवं काही केलं नाही, आमचीच विद्या काचेच्या पेटीत नेली.

एका वर्षी मी नवं औषध आणलं. नळ असे चमकले की बघणाऱ्याने भांग पाडावा. महिन्याने त्यांवर तपकिरी ठिपके यायला लागले. नळ धुऊन टांगायचं काम एका माणसाकडे होतं. मी म्हणालो, तुझे हात घाणेरडे. तो म्हणाला, मालक, डाग पुसून बघा, घाण असेल तर पुसली जाईल. मी पुसून बघितलं नाही. त्याला काढलं. त्याच्या जागी दुसरा ठेवला, ठिपके येतच राहिले. मग पात्याने खरवडले, तर तांबं. आमच्या टाकीत तांबं आलं कुठून? ज्या तांब्याच्या दांड्यांवर सगळं टांगलेलं असायचं, त्यांची औषधात बुडालेली टोकं खाल्ली गेली होती. नवं औषध निकेलला गोड आणि तांब्याला विष. दांडीतलं तांबं विरघळायचं, पाण्यातून चालत जायचं आणि नळावर जाऊन बसायचं. आम्ही सगळे नळाकडे बघत होतो. दांडीकडे कोण बघतो?

त्या माणसाला मी परत बोलावलं नाही. लाज वाटली. त्यालाही झाली अकरा वर्षं.

तेव्हा घाण पुसली जाते, चढलेला धातू खरवडावा लागतो. तुझे डाग चढलेले आहेत. म्हणजे समोरून आलेत. तू लिथियमकडे बघतोयस, कारण सगळे तिकडे बघतात. समोरची काळी चकती बघ. मेलेल्या सेलमधला जुना कॅथोड घे, त्याच्यापुढे कोरं लिथियम ठेव, औषध न घातलेलं ताजं द्रव भर. सेल पुन्हा पूर्ववत चालला, तर कॅथोड शाबूत. नाही चालला, तर चोर तिथेच राहतो.

मामा


४ डिसेंबर

मामा,

चोर सापडला.

पाच जुने कॅथोड तू म्हणालास तसे कोऱ्या लिथियमपुढे बसवले. जेवायच्या सुट्टीत, कुणाला न सांगता. एकही पूर्वीच्या क्षमतेच्या साठ टक्क्यांवर गेला नाही. अॅडिटिव्ह न घातलेल्या सेलमधले तितकेच जुने कॅथोड ताडून बघितले, ते नव्वदच्या वर. मग खरवडलेली भुकटी मशीनवाल्या काकांकडे नेली. ते खाली तळघरात एकटेच बसतात, त्यांना कुणीतरी आल्याचाच आनंद. भुकटी यंत्रात घातली आणि म्हणाले, "यात निकेल आहे, मँगनीज आहे. कुठून खरवडलंस?" मी म्हणालो, लिथियमवरून. ते म्हणाले, "लिथियमवर हे कसं येईल, हे तर कॅथोडचं हाडमांस." मी त्यांना मिठीच मारणार होतो, पण ते शिंकले.

म्हणजे असं: अॅडिटिव्ह लिथियमजवळ गुणाचं. पण कॅथोडपाशी, सेल पूर्ण चार्ज झालेला असताना, तिथल्या विजेच्या दाबाखाली ते फुटतं आणि त्याचं आम्ल बनतं. आम्ल कॅथोडमधलं निकेल नि मँगनीज थोडंथोडं सोडवतं, ते द्रवातून चालत जाऊन लिथियमवर बसतं. शंभर फेऱ्यांपर्यंत काही दिसत नाही. उरलेले सेल सरांनी शंभरालाच थांबवले होते, म्हणून ते चांगले; हे चौदा सुट्टीत चुकून चालत राहिले.

आता खरी गोष्ट. मी हे तिला सांगितलं. सगळ्यात आधी तिला. तिने दार लावून घेतलं, स्टूल ओढलं, माझी पानं गुडघ्यावर घेऊन एकेक आकडा बोटाने वाचला. मग म्हणाली, "तुला हे सुचलं कसं?" मी म्हणालो, मामाला. ती हसली. मामा, दोन वर्षांत ती पहिल्यांदा माझ्याशी हसली, माझ्यावर नाही. मी म्हणालो, माझा हात नको म्हणत असाल तर तुम्ही भरा. तिने तिथेच मोजे चढवले आणि स्वतःच्या हाताने चार सेल भरले, अॅडिटिव्हवाले. सतराच्या सुमारास दीडशे फेऱ्या होतील. चिमट्यात चकती धरताना ती ओठ दुमडते. भरून झाल्यावर मोज्यातून हात काढला तेव्हा मनगटावर रबराचा वळ होता, आणि मी—असो.

म्हणाली, "इतक्यात कुणाला सांगू नकोस. मी आकडे नीट लावते, मग दोघं मिळून सरांकडे जाऊ." दोघं मिळून. पानं तिच्याकडे दिली.

ती माझ्या बाजूची आहे. मी म्हणालो नव्हतो?

ठिणग्या


८ डिसेंबर

चि. ठिणग्या,

शाबास. तुझ्या पत्राने माझी पाठ ताठ झाली, आणि मग शेवटून तिसऱ्या ओळीपाशी वाकली. पानांची दुसरी प्रत ठेवलीस ना? नसेल तर आज मागून घे. मुलीबद्दल वाईट बोलत नाही. पण तिचं चार वर्षांचं लेकरू तू तिच्या हातात देऊन म्हणालास, हे आजारी आहे. आई पहिल्यांदा काय करते? डॉक्टरला खोटं पाडते.

आणखी एक तुला सांगायचंय, पण ते या पत्रात जमत नाही.

मामा


१३ डिसेंबर

मामा,

ते आणखी एक मला सरांच्या खणातून कळलं.

काल त्यांनी बोलावलं. ती तिथेच होती, खिडकीपाशी. सर म्हणाले, सही अजून झाली नाही. मी म्हणालो, होणार नाही, डाग कॅथोडमधून आलेत, मॅडमकडे आकडे आहेत. मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "मी अजून तपासतेय." आठ दिवस ती तपासतेय. साधी बेरीज आहे ती.

मग सरांनी खण उघडून तुझं पत्र काढलं आणि मोठ्याने वाचलं. 'पोरगं तापट आहे, पण मनाने निर्मळ. त्याच्या हातून चूक झाली असेल, नव्हे झालीच असेल, तर पदरात घ्यावी, मी त्याच्या वतीने क्षमा मागतो.' तारीख दहा नोव्हेंबर. त्याच दिवशी मला 'डाग पुसून बघ' लिहिलंस आणि त्याच पेनाने यांना 'झालीच असेल' लिहिलंस. सर म्हणाले, "घरचेच कबूल करतात, तू कशाला ताणतोस?"

नव्हे झालीच असेल. मामा, हे 'नव्हे' कशाला घातलंस? 'असेल'वर भागलं नसतं? शोभेला घातलंस?

मी भांडत होतो तेव्हा माझ्या पाठीमागे तू उभा आहेस असं वाटायचं मला. होतासच, हात जोडून. मला चोर म्हणणाऱ्याला मी तोंड देऊ शकतो. माझ्या वतीने माफी मागणाऱ्याला काय देऊ?

आणि पानांची दुसरी प्रत नाही. घे, तेही तुझंच खरं.


१६ डिसेंबर

चि.,

तू पत्राखाली सही केली नाहीस, तेव्हा मीही नावाने हाक मारत नाही.

त्या दिवशी मला तुझ्या हातापेक्षा तुझ्या नोकरीची काळजी जास्त होती. 'नव्हे' घातलं कारण साहेब लोकांना अर्धी माफी चालत नाही, असं मला वाटलं. तीस वर्षं साहेब लोकांचे नळ चमकवले, पाठीचा कणा वळणावर गेला. डाग पुसून न बघता मी माझ्या माणसाला काढलं, आणि डाग पुसून न बघता तुला गुन्हेगार केलं. एकोणीसला ती गोष्ट तुला लिहिली तेव्हा हे पत्र गेल्याचंही लिहायला हवं होतं. शाई पुरली नाही म्हणेन, पण शाई होती.

सरांना आज दुसरं पत्र टाकलं. त्यात एवढंच लिहिलंय: 'पहिलं पत्र मी काही न तपासता लिहिलं, ते मागे घेतो. माझ्या भाच्याचा हात मी लहानपणापासून बघितलाय. तुमची काळी चकती बघा.' पोचेल न पोचेल.

नोकरी टिकव, असं आता मी सांगणार नाही. आईला काय ते मी सांगेन. मशीनवाल्या काकांकडे यंत्राची नोंद राहिली असेल, ती मागून घे. बाकी सही तुझी आहे. ती करायला किंवा न करायला कुणाचा मामा लागत नाही.

मामा


२० डिसेंबर

मामा,

दुपारचे तीन वाजलेत आणि मी खोलीवर आहे, यावरून समजलास.

अबोला संपलेला नाही, पण हे दुसऱ्या कुणाला सांगू?

काकांकडे नोंद होती. त्यांनी छापून दिली, वर स्वतःहून तारीख घातली आणि म्हणाले, "मी खाली बसतो म्हणजे मला काही दिसत नाही असं वरच्यांना वाटतं." तिने भरलेले चार सेल परवाच मेले. मी बघितले, मशीनच्या पडद्यावर चारही रेघा दीडशेच्या आधीच खाली. तिच्या हाताने भरलेले, मामा. तिचा हात माझ्याइतका नसेल, पण स्वच्छ आहे.

सकाळी दहाला सरांच्या खोलीत तिघंच. टेबलावर नोंदवही आणि तुझं दुसरं पत्रही, फोडलेलं. त्याबद्दल कुणी बोललं नाही. मी छापलेली पट्टी ठेवली आणि म्हणालो, मॅडमचे चार सेलही गेले, त्यांच्यापुढे कारण काय लिहिणार?

सर पंख्याकडे बघत म्हणाले, "हे सगळं पुढच्या रिपोर्टमध्ये घेता येईल. आत्ता सही कर. जानेवारीपासून तुला कायम करतो." कायम. दोन वर्षं ज्यासाठी मी त्या पेटीत कोपरापर्यंत हात घालून उभा राहिलो, ते त्यांनी विडीच्या थोटकासारखं पुढे केलं.

मी म्हणालो, पुढच्या रिपोर्टपर्यंत कंपनीने हे गाड्यांत घातलेलं असेल.

मग ती बोलली. म्हणाली, "सात-सात करू या. सात हाताचा दोष, सात मालाचा. दोघांचंही राहील."

बाजारात भाजीचा भाव करतात तसं. मी तिला विचारलं, तुम्हाला कधी कळलं? कॅथोडचं?

तिने काकांची पट्टी उचलून वाचली. मग म्हणाली, "मागच्या वर्षी शंका आली होती. म्हणून तर शंभराला थांबवायचे." आणि मग, अगदी हळू, समजूत घालावी तशा आवाजात: "माझी चार वर्षं आहेत यात. तुझं काय जाणार आहे? कॉलेज तर तू आधीच सोडलंयस."

सर हे बोलले होते तेव्हा मला राग आला होता. ती बोलली तेव्हा राग आला नाही, आधी ऐकूच आलं नाही. मग सगळं एकदम आलं. तो जिना, ते स्टूल, ते 'दोघं मिळून'. शंभराला थांबवायचा निर्णय सरांचा नव्हता, तिचा होता. आणि मी तिच्यासाठी सरांना दीड महिना मनातल्या मनात शिव्या घालत होतो. काही शिव्या आता त्यांच्याकडून परत घ्याव्या लागतील.

तिला सांगायचं एक वाक्य मी दोन वर्षं घोकत होतो. ते म्हणालो नाही. म्हणालो, "चार वर्षं तुमची आहेत. चौदा सेल माझे आहेत."

मी नोंदवही माझ्याकडे ओढली. बांधीव वही आहे, पानांवर आकडे छापलेले, फाडलं तर कळतं. खाडाखोड चालत नाही, खाली दुरुस्ती लिहून सही करायची असते. मी तिचं एकही अक्षर खोडलं नाही. प्रत्येक 'हाताचा दोष'खाली लिहिलं: 'चूक. अॅडिटिव्हमुळे कॅथोड विरघळला, धातू लिथियमवर चढला.' आणि सही. चौदा वेळा. सर म्हणाले, थांब. दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा मी पाचव्यावर होतो. ते म्हणाले, पोलीस बोलावू का? मी म्हणालो, बोलवा, त्यांनाही वाचून दाखवतो. माझं अक्षर कुत्र्या-मांजराचं, पण आज एकेक काना उभा आला.

पंख्याने पान उडत होतं. नवव्या-दहाव्या नोंदीपाशी तिने कडेला बोट ठेवलं आणि पान धरलं. शेवटपर्यंत. का धरलं ते मी विचारलं नाही. मागच्या महिन्यातला मी असतो तर त्या एका बोटावर दोन वर्षं काढली असती.

पेटीची किल्ली टेबलावर ठेवली. सर म्हणाले, "बाहेर गेलास तर कुठल्याही लॅबमध्ये पाऊल ठेवू देणार नाही." ती म्हणाली, "ऐक ना." मॅडम म्हणून मी जिला हाक मारत होतो, ती मला पहिल्यांदा 'ऐक ना' म्हणाली.

मी ऐकलं नाही. त्या खोलीचं दार आपोआप हळूहळू मिटणारं आहे, तोवर आतलं सगळं कानावर येत राहतं. मी बाहेर आलो, मागे वळलो, मूठ धरली आणि ते खटका बसेपर्यंत ओढून लावलं.